प्रस्थानाला ठेवलेलं पंचांग

कोडसूरच्या तिरुमलेश्वर जोयसांना 'साधारण' या शब्दाचा राग होता. रस्त्यात कुणी विचारलं, "जोयसरे, साधारण नऊ वाजले असतील का?" तर ते छत्री काखेत धरून थांबत, मनगट डोळ्यांजवळ नेत आणि म्हणत, "नऊ वाजून चार मिनिटं. साधारण नऊ अशी वेळ माझ्या पंचांगात नाही."

पंचांग खरोखरच त्यांचं होतं. शिरसीच्या आसपासच्या चाळीस-पन्नास गावांत, सुपारीच्या बागांमधल्या घराघरांत, खुंटीला दोऱ्यानं टांगलेलं 'कोडसूर पंचांग' असायचं. आधी वडील करत, त्यांच्यामागे हे करू लागले. राहुकाळसुद्धा त्यात कोडसूरच्या सूर्योदयावरून मांडलेला. "दुकानातल्या कॅलेंडरवर बुधवारी बाराला राहुकाळ लागतो," ते समजावून सांगत. "तो छापणाऱ्याच्या सोयीचा. या दिवसांत आपल्या गावाचा बारा पस्तीसला लागतो. मधली पस्तीस मिनिटं लोक उगाच घाबरून घरात बसतात."

गौतमीअम्मांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, शेजारणीपाशी एकच गाऱ्हाणं असे. "लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण 'थोड्या वेळानं पान वाढते' असं मला एकदाही म्हणता आलं नाही. थोडा म्हणजे किती, विचारतात."

पूर्वी जोयीस पंचांग आखीव वहीत लिहीत आणि वही छापखान्यात देत. एका साली खिळे जुळवणाऱ्याच्या हातून चूक झाली आणि लागोपाठ दोन एकादश्या छापल्या गेल्या. अर्ध्या तालुक्यानं दोन दिवस उपास केला. जोयसांना त्यानंतर महिनाभर मान वर करून चालता आलं नाही. तेव्हा बेंगळुरूच्या मुलीनं, वैदेहीनं, आपल्या कचेरीतून निकालात निघालेला एक कॉम्प्युटर सुपारीच्या रिकाम्या टेम्पोतून पाठवून दिला आणि जोयसांनी चोपन्नाव्या वर्षी दोन बोटांनी टाइप करायला शिकून घेतलं. शिकवायला कुणी नव्हतं. ते रोज एक बटण दाबून बघत आणि काय झालं ते वहीत लिहून ठेवत. अशा दोन वह्या भरल्या.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली होती. कॉम्प्युटर आता इतका थकला होता की पहाटे साडेपाचला बटण दाबायचं, मग आंघोळ, संध्या, पूजा, न्याहारी आटपायची, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. आतला पंखा सुरू झाला की माजघरात खरखर भरून राही.

"ऐकलंत का," गौतमीअम्मा स्वयंपाकघरातून विचारत, "फिरतोच आहे तर इडलीचे तांदूळ टाकू का त्यात?"

मध्येच पडदा निळा होई, त्यावर इंग्रजीत काहीतरी रागावल्यासारखं उमटे आणि सगळं विझून जाई. जोयीस पंच्यानं कॉम्प्युटरचं कपाळ पुसत आणि पुन्हा साडेपाचपासून सुरुवात करत. त्यांच्या दृष्टीनं काळजीची एकच गोष्ट होती. येत्या वर्षाचं पंचांग, नऊ महिन्यांचं काम, पूर्ण होऊन त्याच्यात पडलं होतं. छापखान्याचा निरोप होता की संक्रांतीआधीच्या मंगळवारपर्यंत मजकूर आला नाही तर यंत्रं लग्नपत्रिकांना लागतील, आणि मग उगादीच्या पाडव्याआधी पंचांग होणं नाही. उगादीनंतर पंचांग कोण घेतो? त्या वर्षी लोक दुसरं कुणाचं तरी घेतील, खुंटीला टांगतील आणि खुंटीची सवय एकदा मोडली की मोडली.

शिरसीचा पास्कल रॉड्रिग्ज दर दोन महिन्यांनी येऊन कॉम्प्युटर उघडून झाडून जात असे. पन्नाशीचा माणूस. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता हे. दिवाळीतच तो म्हणाला होता, "जोयसरे, याच्यातलं सगळं काढून घ्या. आजच घ्या."

"आज?"

"आत्ता."

"आत्ता व्यतीपात आहे, पास्कलप्पा."

पास्कलनं स्क्रू पिळले, चहाऐवजी मिळालेला कषाय प्याला आणि स्कूटर चालू केली. या घरी वाद घालायचा तर तो घड्याळ काढून घालावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं.

वैदेहीनं नवा कॉम्प्युटर पाठवला. खोकं आलं तेव्हा नेमका धनुर्मास लागला होता. पहाटे देवळात हुग्गीचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा, नैवेद्य, आणि बाकी सगळ्या शुभकार्यांना महिनाभर कुलूप. खोकं माजघरात कोपऱ्यात तसंच बसून राहिलं. गौतमीअम्मांनी त्यावर आधी केळीचा घड ठेवला, मग वाळवणाची परात.

"संक्रांत झाल्यावर छापखाना घेणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि संक्रांतीआधी तुम्ही हात लावणार नाही. मग त्या पोरीनं पाठवला कशाला? केळी पिकवायला?"

जोयसांनी दोन दिवस ग्रंथ चाळले. प्रश्न शास्त्राचाच होता. जुन्या यंत्रातला मजकूर नव्या यंत्रात नेणं हे नेमकं कोणतं कार्य? गृहप्रवेश म्हटला तर धनुर्मासात निषिद्ध. रोप उपटून दुसरीकडे लावणं म्हटलं तर नक्षत्र जुळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांचा घास हातातच थांबला.

"प्रयाण!" ते म्हणाले. "हा प्रवास आहे. एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी जाणं. प्रवासाला धनुर्मासाची आडकाठी नाही."

"मी काय म्हणत होते?"

"तू काय म्हणत होतीस?"

"की उरका एकदाचं."

पण प्रवास म्हटला की दिशा आली. नवं टेबल जुन्या टेबलाच्या पश्चिमेला होतं, म्हणजे शुक्रवार आणि रविवार बाद. गौतमीअम्मांनी टेबल पलीकडे सरकवायला सुचवलं. पण पलीकडे फणसाच्या लाकडाची पेटी होती आणि ती हलवायला चार माणसं लागली असती. शेवटी बुधवार ठरला. सकाळी नऊ बावन्न ते दहा वीस. पास्कलला फोन गेला.

"नऊला पोचतो जोयसरे."

"साडेनऊला आलास तरी चालेल. पण साडेनऊ म्हणजे साडेनऊ."

बुधवारी जोयसांनी दोन्ही यंत्रांना गंध-फूल वाहिलं आणि पाटावर बसून राहिले. नऊ चाळीसला फोन वाजला. पास्कलची स्कूटर घाटात पंक्चर झाली होती. चाक काढून दुसऱ्याच्या मोटारसायकलवरून मागं न्यायचं होतं. "साधारण अकरा वाजतील," तो म्हणाला आणि घाईघाईनं, "अकरा दहा," अशी दुरुस्ती केली.

जोयीस फोन हातात धरून उभेच राहिले. मुहूर्त समोरून निघून चालला होता.

"त्यात तोंड उतरण्यासारखं काय आहे?" गौतमीअम्मा हात पुसत आल्या. "प्रस्थान ठेवा. माझा भाऊ काशीला निघाला तेव्हा मुहूर्त सोमवारचा आणि गाडी गुरुवारची होती. त्याची छत्री तीन दिवस देवळात नव्हती का ठेवली? छत्री निघाली म्हणजे तो निघाला."

जोयसांनी बायकोकडे अशा कौतुकानं पाहिलं की ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

आता ठेवायचं काय? प्रस्थानाला ठेवायची वस्तू आपल्या नेहमीच्या गरजेची, जिवाजवळची असावी असं त्यांचे वडील सांगत. भलतंसलतं ठेवणं म्हणजे मुहूर्ताला फसवणं. म्हणजे येत्या वर्षाचं पंचांगच. छापखान्यात मजकूर न्यायचा बोटाएवढा पेनड्राइव्ह कपाटात होता. जोयसांनी तो खोचला आणि बटणांची वही उघडली. पान बारा, 'कॉपी'. पान तेरा, 'कट'.

कॉपी केलं तर मजकूर पेनड्राइव्हमध्ये जातो आणि घरीही राहतो. जोयसांना ते पटेना. जो घरीच आहे तो निघाला कसा? काशीच्या मेव्हण्याची एक छत्री देवळात आणि तीच छत्री घरी, असं चाललं असतं का? त्यांनी पान तेरा काढलं.

जुन्या कॉम्प्युटरनं खरखर केली, कण्हला आणि दहा वाजून अकरा मिनिटांनी बारा महिन्यांचं पंचांग त्याच्यातून निघालं. जोयसांनी पेनड्राइव्ह, एक सुपारी, हळकुंड, अक्षता आणि एक नाणं हळदीनं रंगवलेल्या फडक्यात बांधलं. उजवं पाऊल आधी टाकून उंबरा ओलांडला आणि पश्चिमेला सहाशे पावलांवरच्या शंभुलिंगाच्या देवळात गेले. पुजारी अनंत भट रुद्र म्हणत अभिषेक करत होता. तो नात्यानं पुतण्या लागायचा. जोयसांनी गाठोडी गाभाऱ्याबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली.

"हे इथं असू दे रे," ते म्हणाले. "नंतर बघतो."

भटानं मंत्र न थांबवता मान हलवली. जोयीस मागं न बघता परतले.

पास्कल अकरा सोळाला आला. सहा मिनिटांबद्दल जोयीस काही बोलले नाहीत. त्यांचं मन प्रसन्न होतं. पास्कलनं खोक्यावरची परात उतरवली, नवं यंत्र मांडलं, दोघांच्या मध्ये एक तार जोडली आणि जुन्यातलं उरलेलं सगळं नव्यात न्यायला लावलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी उमटली. तिच्याखाली लिहिलं होतं: अकरा मिनिटं शिल्लक.

जोयसांनी घड्याळ पाहिलं. "अकरा चव्वेचाळीस अधिक अकरा, अकरा पंचावन्न. उत्तम. राहुकाळाला चाळीस मिनिटं राहतात."

आकडा बदलला. चार तास.

"हे काय?"

"तसंच असतं ते."

"तसंच म्हणजे? आत्ता अकरा मिनिटं म्हणाला."

"अंदाज असतो हो जोयसरे."

तोवर तो आकडा दोन मिनिटांवर आला होता. जोयीस टेकून बसणार, एवढ्यात पट्टीखाली आलं: तीन दिवस. जोयीस ताडकन उठले.

"तीन दिवस? पास्कलप्पा, हा कोणत्या सिद्धांतानं गणित करतो? एखादा पंचांगवाला असा असता तर लोकांनी त्याला सुपारीच्या झाडाला बांधून ठेवला असता! अकरा मिनिटं, चार तास, दोन मिनिटं, तीन दिवस. याला कुणी जाब विचारत नाही?"

"साऱ्या जगाला हा हेच सांगतो."

"आपल्या जावयासारखं आहे," गौतमीअम्मा दारातून म्हणाल्या. "शिमोग्यात असला तरी फोनवर सांगतो, पोचलोच, दहा मिनिटं."

पट्टी सरकत राहिली. वैदेहीच्या लग्नाचे फोटो गेले. मागल्या तेरा वर्षांची पंचांगं गेली. जोयीस प्रत्येक नावाला मान डोलवत होते, पाहुणे निरोप घेऊन निघाल्यासारखे. शेवटची काही कागदपत्रं राहिली असताना जुन्या कॉम्प्युटरमधून टक्, टक्, टक् असा आवाज आला, मग नारळाचं सोडण जळावं तसा वास, आणि पडदा काळा झाला. पास्कलनं प्लग ओढला, झाकण उघडलं, आत बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं.

"गेला," तो म्हणाला.

"किती वाजता?"

"आं?"

"बारा वाजून नऊ मिनिटं," जोयसांनी स्वतःच सांगितलं आणि भिंतीवरचं पंचांग चाळलं. "नक्षत्र बरं आहे. वाईट नक्षत्रावर गेला असता तर घर सोडून राहावं लागलं असतं."

पास्कलनं कपाळावरचा घाम पुसला आणि एकदम तो सरळ बसला. "जोयसरे, येत्या वर्षाचं पंचांग? ते मी नव्यात पाहिलं नाही."

जोयसांनी उत्तर द्यायला पुरेसा वेळ घेतला. पानाचं तबक ओढलं, पान पुसलं, चुना लावला.

"ते दहा अकरालाच निघालं," ते म्हणाले.

सगळी हकिगत ऐकल्यावर पास्कलनं गळ्यातला क्रूस चाचपला. "म्हणजे मी साडेनऊला आलो असतो किंवा तुम्ही मुहूर्त पाळला नसता, तर मी सगळं याच तारेत घातलं असतं आणि काय राहिलं असतं देव जाणे! जोयसरे, तुम्ही शहाणे की तो मुहूर्त शहाणा?"

"मुहूर्त," जोयीस नम्रपणे म्हणाले. एवढं समाधान त्यांना वैदेहीच्या लग्नातही झालं नव्हतं. तिच्या लग्नाला वऱ्हाड सतरा मिनिटं उशिरा आलं होतं.

मग ते गाठोडी आणायला देवळात गेले. कट्टा रिकामा होता.

अनंत भट नैवेद्याची भांडी घासत होता. "कसली गाठोडी, दोड्डप्पा? ती पिवळी? नवसाची?"

"नवसाची कशी? मी ठेवली. तू मान हलवलीस."

"मी रुद्रात होतो. रुद्रात मी सगळ्यांनाच मान हलवतो." भटाचा हात थांबला. "पिवळं फडकं, आत नाणं लागलं हाताला. नवस फेडायला लोक अशीच गाठ ठेवून जातात, नाव सांगत नाहीत. मी नेहमीसारखी दानपेटीत टाकली."

दानपेटी सभामंडपात होती, लोखंडी, कमरेएवढी. तिला दोन कुलपं. एक किल्ली देवस्थान समितीच्या अध्यक्षांकडे, एक तालुका कचेरीत. पेटी वर्षातून एकदाच उघडायची, रथोत्सवानंतर पाचव्या दिवशी. तो दिवस जोयीसच काढून देत. शिवाय पंचांगाच्या एकतिसाव्या पानावर दर वर्षी एक ओळ असे: 'धनुर्मासात देवाची पेटी उघडू नये.' वडिलांच्या काळापासूनची ओळ. जोयसांनी फटीतून आत पाहिलं. काळोख होता.

घरी येऊन ते पाटावर बसले.

"कच्चे कागद असतील की," पास्कल म्हणाला. "गणिताचे?"

दोघांनी गौतमीअम्मांकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. गणित एकदा कॉम्प्युटरमध्ये गेलं की कच्चे कागद न्हाणीच्या चुलीला जात, आणि ते जोयीस स्वतःच्या हातानं आणून देत. आश्विनापर्यंत सगळ्या कागदांवर पाणी तापून गेलं होतं. मेलेल्या कॉम्प्युटरमधलं काही निघालं तर हुब्बळ्ळीला पाठवून, महिन्या-दोन महिन्यांनी, तुकड्या-तुकड्यांनी, आणि कट केलेलं त्यात बहुधा नाहीच, असं पास्कल म्हणाला. त्याच्या 'बहुधा'ला जोयसांनी हरकत घेतली नाही. तेव्हा गौतमीअम्मांना खरी भीती वाटली.

अध्यक्ष होते मंजप्पा हेगडे. चार एकर सुपारी, जाड आवाज आणि एक जुना सल. दोन वर्षांपूर्वी बोअर मारायचं यंत्र योगायोगानं शेजारच्या बागेत आलं होतं. हेगड्यांनी जोयसांना दिवस विचारला. जोयसांनी धनुर्मास दाखवला. संक्रांतीपर्यंत यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात गेलं आणि हेगडे चैत्रापर्यंत सहाशे रोपांना घागरीनं पाणी घालत राहिले.

त्याच संध्याकाळी जोयीस त्यांच्या ओसरीवर बसले होते. हेगड्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांना फार बरं वाटत होतं आणि ते लपत नव्हतं.

"उघडू की," ते म्हणाले. "कचेरीतल्या कमलाक्षीबाई सोमवारी साडेआठला दुसऱ्या कामाला येणारच आहेत. दोन किल्ल्या झाल्या. आता तिसरी तुमची. मुहूर्त द्या."

जोयसांनी काखेतली छत्री मांडीवर घेतली.

"धनुर्मासातला मुहूर्त," हेगड्यांनी सावकाश म्हटलं. "माझ्या रोपांना मिळाला नाही. तुमच्या पंचांगाला मिळेल."

"उद्या सांगतो," म्हणून जोयीस उठले.

घरी गौतमीअम्मांनी ताकातली तंबळी आणि भात वाढला. जोयसांनी तो नुसता कालवला. "अहो, तुम्हाला सापडणार नाही असं कधी झालंय? फाइली नेण्याचा प्रवास केलात. पेटी उघडण्याचं काहीतरी करा. औषध काढणं म्हणा, विहिरीत पडलेलं वासरू काढणं म्हणा."

"फाइलींबद्दल ग्रंथात काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मला विचार करता आला. पेटीबद्दल लिहिलेलं आहे. मीच छापलेलं आहे."

"एक ओळ तर आहे."

"हेगड्यांनाही मी एकच ओळ दाखवली होती."

गौतमीअम्मांनी ताटात थोडी तंबळी आणखी घातली. जोयसांनी ग्रंथ मात्र उघडले, तिन्ही, आणि मिटले. मुहूर्त नव्हता. असता तर त्यांना सापडला असता. नसलेला काढून दिला असता तरी गावात कुणाला कळलं नसतं, आणि नेमकं तेच त्यांना जमेना.

गुरुवारी सकाळी ते पुन्हा हेगड्यांच्या ओसरीवर गेले. बसले नाहीत.

"हेगडेरे, मुहूर्त नाही. सोमवारी साडेआठ म्हणजे उलट राहुकाळ आहे. आठ चोवीसला लागतो. पण तरीही पेटी उघडा, अशी माझी विनंती आहे. जोयीस म्हणून नव्हे. ज्याची वस्तू आत पडली आहे तो माणूस म्हणून."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"सांगा, जोयसाची चूक झाली."

हेगड्यांनी हे वाक्य दोन वर्षांत कितीतरी वेळा मनात जोयसांकडून वदवून घेतलं होतं. घागरी वाहताना तर रोजच. आता समोर ऐकलं तेव्हा त्यांना ते मनातल्याइतकं गोड लागेना. त्यांनी घसा खाकरला, आत वळून ओरडले, "कषाय आणा गं, दोन!" आणि जोयसांना म्हणाले, "बसा हो. उभे राहून का बोलता? चूक माणसाचीच होते, म्हशीची होत नाही."

सोमवारी देवळात नेहमीपेक्षा जास्त माणसं दर्शनाला आली होती. जोयीस राहुकाळात काही तरी मागतात, हे पाहायला मिळणं सोपं नव्हतं. पास्कल बाहेर तुळशीकट्ट्यावर आपला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. कमलाक्षीबाई आल्या, चष्मा लावला, दोन्ही कुलपं निघाली. अनंत भटानं खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत पिवळी गाठोडी वर काढली आणि ती जोयसांच्या हातात देणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा."

सगळे थांबले.

"पेटीत पडलेली वस्तू देवाची. परत देता येत नाही."

"बाई, ती चुकून पडली," भट म्हणाला.

"सगळेच चुकून पडली म्हणतात. मागल्या गावात एकाची अंगठी पडली होती. मी एकाला दिली तर उद्या दहा येतील. नियम म्हणजे नियम."

हेगडे तापले. "अहो, बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा! देव त्याचं काय करणार?"

"नियम बरोबर आहे," जोयीस म्हणाले.

हेगड्यांनी कपाळावर हात मारला. "जोयसरे, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

बाहेरून पास्कलचा आवाज आला. "बाई, वस्तू देवाची असू दे. आतला मजकूर नुसता उतरवून घेतला तर? तुमच्या समोर. वस्तूला ओरखडा नाही, देवाचं काही कमी होत नाही."

कमलाक्षीबाईंनी विचार केला. शिलालेख लोक उतरवून घेतात. त्यानं दगड देवळाचाच राहतो. "माझ्या हातात राहील," त्या म्हणाल्या. त्या तुळशीकट्ट्यापाशी गेल्या, पेनड्राइव्ह पदराच्या टोकानं धरून स्वतः खोचला आणि बोट त्यावर ठेवून उभ्या राहिल्या. अर्धं गाव पास्कलच्या खांद्यावरून वाकलं. अक्षतांचा एक दाणा फटीत अडकला होता, त्यामुळे पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. जोयसांनी डोळे मिटले. पास्कलनं सेफ्टी पिनेनं दाणा काढला, बाईंनी पुन्हा खोचला, आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने एकाखाली एक उभे राहिले.

"आले सगळे?" जोयसांनी डोळे न उघडता विचारलं.

"आले. मी तीन ठिकाणी ठेवतो. आणि छापखान्यात मी स्वतः नेऊन देतो, आत्ता."

पेनड्राइव्ह, सुपारी, हळकुंड आणि नाणं पुन्हा पेटीत गेलं. कुलपं लागली. कमलाक्षीबाईंनी पिशवीतून रजिस्टर काढलं. ठरल्या दिवसाखेरीज पेटी उघडली तर रकाना भरावा लागे.

"कारण," त्या म्हणाल्या. "'प्रशासकीय कारणास्तव' लिहून टाका. सगळे तेच लिहितात."

जोयसांनी पेन घेतलं. हेगडे त्यांच्या मागं उभे राहून मोठ्यानं वाचू लागले. "'पेटी उघडली सकाळी आठ वाजून एकतीस मिनिटांनी. धनुर्मास. राहुकाळ. मुहूर्त नव्हता. कारण: पंचांगकर्ता तिरुमलेश्वर जोयीस याने येत्या वर्षाचे पंचांग एकाच ठिकाणी ठेवले, आणि ते कशासाठी ठेवले हे ज्याला सांगायचे त्याला सांगितले नाही.'"

"राहुकाळ कशाला लिहिता?" हेगडे म्हणाले. "कोण बघतंय?"

"वेळ लिहायची तर पुरती लिहावी."

"आणि भटानं न विचारता टाकली, ते?"

"तो रुद्रात होता."

अनंत भटानं खाली पाहिलं. कमलाक्षीबाई रजिस्टरवर वाकल्या. "अहो, रकान्यात एवढं मावत नाही. सही कुठे करणार?"

"खालची ओळ द्या," जोयीस म्हणाले.

बाईंनी खालची ओळ दिली. जोयसांनी सही केली, मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि सहीखाली वेळ घातली: आठ अठ्ठावन्न.